धोपाटण्यासकट विकलेली अमेरिकन

किस्से साठवावे लागत नाहीत, ते साठतात. सौदीतल्या जुबैलमध्ये आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी वाळू साठते, तसेच. सकाळी झाडून काढावी, दुपारी वारा सुटावा आणि सायंकाळी पाहावे तर पुन्हा बोटभर थर! ही वाळू कोठून आली, असे येथे कोणी विचारीत नाही. मीही आता विचारीत नाही. एकाच अमेरिकन कंपनीच्या मोटारी बाळगणाऱ्या तीन गृहस्थांशी माझा अनेक वर्षांचा स्नेह आहे. किस्से साठायला एवढे कारण पुरेसे आहे.

कंपनीचे नाव मी लिहिणार नाही. माझ्या या तीन स्नेह्यांनी तिला इतकी नावे ठेवली आहेत, की आणखी एकाची आवश्यकता नाही. आमच्या बोलण्यात ती नुसती ‘अमेरिकन’.

प्रथम माझ्याविषयी थोडे. मी रास अल खैर येथे एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर आहे. शाळा नववीपर्यंत झाली. पुढचे जे काही झाले ते वाचून झाले. मला मोटार चालवता येत नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षे मी इतरांच्या मोटारींत मागच्या सीटवर बसत आलो आहे. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. मागे बसणाऱ्याला सर्व काही दिसते!

* * *

एकदा जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला या कंपनीचा इतिहास सापडला. इंग्रजी, जाडजूड, पाठीचा पुठ्ठा निखळलेला. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो वर्षभरात वाचून काढला. काय ती माणसे! कंपनीचा संस्थापक मुळात पलंगाच्या स्प्रिंगा बनवीत असे. पलंगाला चाके लावली तर काय होईल, या एका विचारातून त्याने मोटार उभी केली. दोनदा कारखाना जळाला, दोनदा दिवाळे निघाले, आणि दोन्ही वेळा तो गृहस्थ तिसऱ्या दिवशी कामावर हजर! प्रत्येक नवीन मोटारीच्या मागच्या सीटवर तो स्वतः बसे आणि खडबडीत रस्त्यावरून ती चालवण्यास सांगे. त्याला डुलकी लागली तरच ती मोटार विक्रीला जाई.

हे मी मोठ्या आदराने दाऊदभाईंना सांगितले. दाऊदभाई हे रत्नागिरीकडचे. पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचे त्यांचे दुकान, अर्थात कफिलाच्या, म्हणजे स्थानिक जामीनदाराच्या, नावाने. त्यांची मातकट सोनेरी रंगाची लांबलचक अमेरिकन तेव्हा नुकतीच तिसऱ्यांदा बंद पडली होती आणि आम्ही दोघे नुआरियाच्या रस्त्याकडेला उभे होतो.

दाऊदभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. माझ्या वाचनामुळे ते मला मास्तर म्हणत.

“मास्तर, मागच्याला झोप लागते म्हणून गाडी विकायला काढली होय त्याने? मग पुढच्याची झोप उडते ते कुठल्या पानावर लिहिलंय, तेवढं बघून सांगा!”

मी संपूर्ण सूची पाहिली. ते त्या पुस्तकात नाही.

* * *

ही मोटार बंद पडली की तिच्यावर एकच उपाय चाले. तो कोणत्याही पुस्तकात नाही आणि कोणत्याही वर्कशॉपने सांगितलेला नाही. दाऊदभाईंनी तो स्वतः शोधला. पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या बरोबर खाली. टाकीच्या आतला पंप मधूनच अडून बसे. दाऊदभाई डिकीतून धोपाटणे काढीत, कपडे बडवण्याचे, खास गावाहून आणवलेले, फणसाच्या लाकडाचे. मग रस्त्यावर उताणे पडून, मोटारीखाली अर्धे शिरून, टाकीच्या पोटाला तीन दणके देत.

“ऊठ मेली! ऊठ मेली! ऊठ मेली!”

दोन दणक्यांनी कधी भागले नाही. चौथा कधी लागला नाही.

वर मागच्या सीटवर मी बसलेला असे. मला ते तीन दणके ऐकू येत. परंतु अंगाला जाणवत मात्र नसत. मी दर वेळी त्या स्प्रिंगांच्या माणसाला मनोमन नमस्कार करीत असे.

* * *

दुसरे स्नेही श्री. सोनवणे. हे नाशिकचे इंजिनिअर. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्लांटमध्ये अलार्म सांभाळणे हेच यांचे काम. कोणता दिवा खरा, कोणता खोटा, हे ओळखण्यात यांचा हातखंडा! मी रोज कामावर यांच्याच मोटारीतून जातो.

यांच्या अमेरिकनच्या पुढच्या काचेखाली इंजिनाचे पिवळे चित्र तिसऱ्या महिन्यापासून पेटलेले. शोरूमच्या वर्कशॉपने ते तीन वेळा विझवून दिले. तिन्ही वेळा फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच ते पुन्हा पेटले. सोनवण्यांची मुलगी ईरा त्या दिव्याच्या उजेडातच लहानाची मोठी झाली. एकदा नव्याने आलेल्या एका पाहुण्याने घाबरून विचारले, “अहो, हे इंजिनाचं काय दाखवतंय?” तर मागून ईरा म्हणाली, “अंकल, इट्स जस्ट डेकोरेशन!”

एके सकाळी रास अल खैरच्या रस्त्यावर सोनवण्यांनी अचानक मोटार बाजूला घेतली. चेहरा पांढराफटक.

“काका, दिवा गेला!”

“उत्तम झाले,” मी म्हणालो.

“उत्तम काय, काका? सात वर्षं चालू असलेला दिवा आपोआप जातो होय? काहीतरी नक्की बिघडलंय!”

त्यांनी बॉनेट उघडले. ऑइल पाहिले, पाणी पाहिले, पट्टे ओढून पाहिले, वाकून चाकांमागेही पाहिले. पाऊण तास गेला. सर्व काही ठीक होते. आम्ही चिंताक्रांत होऊन कामावर पोहोचलो.

उशिरा येणाऱ्यास फाटकावर एक फॉर्म भरून द्यावा लागतो. सोनवणे हे सत्यप्रिय गृहस्थ. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिले : ‘मोटारीत कोणताही बिघाड न आढळल्यामुळे.’

* * *

जूनचा महिना. पारा पन्नाशीला टेकलेला. दाऊदभाईंच्या अमेरिकनचा एसी सर्वांत थंड आकड्यावर अडकला आणि कोणत्याही बटणाने कमी होईना. बंदही होईना. या मोटारीत काचा धड चढत नसत, काटे हलत नसत, परंतु थंडी! तशी थंडी मी माथेरानलाही अनुभवलेली नाही. दाऊदभाई, सोनवणे आणि मी ब्लँकेटे पांघरून निघालो. दाऊदभाईंनी कानटोपीही घातली होती.

चेकपोस्टवर पोलिसाने हात केला. उन्हात उभा राहून त्याचा चेहरा रापला होता. भर उन्हाळ्यात ब्लँकेटांत गुंडाळलेले तीन हिंदी पुरुष पाहून त्याचा हात कमरेकडे गेला. त्याने काच उतरवण्याची खूण केली आणि डोके आत घातले.

त्या गारव्यात त्याने डोके तसेच ठेवले. मग त्याने डोळे मिटले.

“इकामा,” राहण्याचा परवाना मागत तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

दाऊदभाई थरथरत ब्लँकेटाखालून खिसे चाचपू लागले. त्यावर पोलीस डोळे न उघडता म्हणाला, “शोध बाबा, सावकाश शोध. घाई कोणाला आहे?”

* * *

पुढे दाऊदभाईंनी ठरवले, की आता थेट अमेरिकेलाच कळवायचे. पत्र लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. तीन शुक्रवार आम्ही बसलो. तक्रारी एक्केचाळीस झाल्या. बेचाळिसावी एक शिवी होती. ती घालण्यास मी नकार दिला.

“अहो मास्तर, तीच तर मुख्य तक्रार!”

“दाऊदभाई, माझ्या अक्षरात ती जाणार नाही.”

चार महिन्यांनी जाडसर लिफाफा आला. आत सोनेरी किनारीचे प्रशस्तिपत्र! त्या सालची मोटार अद्याप रस्त्यावर असलेले मालक आता मोजकेच उरले आहेत. आपल्या निष्ठेबद्दल कंपनी ऋणी आहे. मोटारीचे एखादे छायाचित्र पाठवल्यास आनंद होईल.

दाऊदभाईंचा संताप आवरेना. “एक्केचाळीस तक्रारी वाचून अभिनंदन करतात? थांबा, पाठवतो फोटो!”

त्याच आठवड्यात मोटार बंद पडली. धोपाटणे दुकानात राहिले होते, त्यामुळे ती उचलण्यासाठी ट्रक बोलवावा लागला. साखळीला लटकलेल्या, तोंड वर आणि बूड रस्त्याला, अशा स्थितीतील अमेरिकनचे छायाचित्र दाऊदभाईंनी हौसेने काढून पाठवले. आता तरी यांना लाज वाटेल, असा त्यांचा हिशेब.

उलट टपाली उत्तर आले : ‘छायाचित्र अत्यंत आवडले. ओढणारा ट्रकही आमच्याच कंपनीचा असल्याचे पाहून विशेष आनंद झाला. एकाच छायाचित्रात आमची दोन वाहने!’

आम्ही बाहेर जाऊन त्या ट्रकवाल्याला गाठले आणि समोरची जाळी पाहिली. खरेच होते.

* * *

तिसरे स्नेही अबू फहद. हे हफ्र अल बातिनचे. शहराबाहेर यांचे उंट आणि दोन विहिरी. विहिरींचे पंप दाऊदभाई पाहत. जुबैलहून तेथपर्यंत चारशे किलोमीटर. सुट्टी असली की मीही जात असे.

परंतु ओळख झाली ती शोरूमच्या वर्कशॉपमध्ये. दाऊदभाई आणि मी रांगेत होतो; आमच्यापुढे अबू फहद. बाहेर त्यांचा त्याच कंपनीचा, तीस वर्षांचा पिकअप उभा, आणि पिकअपमध्ये एक उंटीण पाय दुमडून बसलेली. मान उंच करून ती शोरूममधल्या नव्या मोटारी न्याहाळीत होती.

काउंटरवरील कर्मचाऱ्याने विचारले, “तक्रार काय?”

अबू फहद बोलू लागले. गिअर पडत नाही. एक काच पडली ती पडलीच. डावे दार दोरीने बांधलेले. हॉर्न आपोआप वाजतो, आणि हवा तेव्हा वाजत नाही. उंटिणीला हल्ली धक्के सोसत नाहीत. कर्मचारी टाइप करून करून दमला. अर्ध्या तासाने तो म्हणाला, “चाचा, ठेवून जा. चार दिवसांनी या.”

“ठेवून जाऊ?” अबू फहद चकित झाले. “कशाला?”

“दुरुस्त करायला!”

“दुरुस्त कोणी करायला सांगितलं? मी फक्त सांगायला आलो होतो. ज्यांनी बनवली त्यांच्या कानावर तर पडायला हवं! खलास.”

शेजारी एक जपानी मोटारवाला उभा होता. तो हसून म्हणाला, “चाचा, विकून टाक ना ती गाडी एकदाची.”

अबू फहद वळले. त्यांचा आवाज चढला नाही. “तुझ्या वडिलांना खोकला झाला, तेव्हा तू त्यांना विकलंस का?”

 दाऊदभाई माझ्या कानाशी पुटपुटले, “मास्तर, हा आपला माणूस.”

त्यानंतर दर खेपेस पंपाचे काम अर्धा तास चाले आणि मोटारींची गाऱ्हाणी तीन तास. वाळूवर चटई, मधे कहवा, एकीकडे पिकअप, दुसरीकडे दाऊदभाईंची सोनेरी अमेरिकन. दाऊदभाई हातवारे करून दणक्यांची कथा सांगत. अबू फहद मिटल्या डोळ्यांनी ऐकत आणि म्हणत, “अजून सांग, या दाऊद, अजून सांग.” अरबीत ‘या’ म्हणजे ‘अरे’.

* * *

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दाऊदभाईंना तीन मुली. थोरलीच्या निकाहाच्या वेळी रजा मिळाली नाही. मधलीच्या वेळी कागदपत्रे अडकली. दोन्ही निकाह त्यांनी दुकानातील स्टुलावर बसून मोबाईलवर पाहिले. दोन्ही वेळा मी शेजारी होतो. शेंडेफळ नाजनीनचा निकाह ठरला तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला : आधी कायमचा परत येतो, मग बोहल्यावर चढ.

येथून कायमचे परतायचे, तर नावावर मोटार चालत नाही. आधी मोटार दुसऱ्याच्या नावावर, मग परवानगी, मग विमान. निकाहाला पाच आठवडे उरले होते. वार्षिक तपासणीत अमेरिकन नुकतीच कशीबशी उत्तीर्ण झाली होती. एक साधा गिऱ्हाईक हवा होता.

आणि येथेच घोटाळा झाला! जुबैलपासून खफजीपर्यंत असा एक मनुष्य नव्हता, ज्याला दाऊदभाईंनी एकोणीस वर्षांत या मोटारीचे किस्से ऐकवले नव्हते.

पहिला गिऱ्हाईक हैदराबादचा. मोटारीला फेरी मारून म्हणाला, “अरे मियाँ, ये वही है ना, जिसमें कंबल ओढ़ के बैठते हैं?”

दुसऱ्याने अमेरिकेहून आलेले प्रशस्तिपत्र पाहायला मागितले. पाहिले, वाहवा केली आणि निघून गेला.

तिसरा पेशावरचा ड्रायव्हर. त्याने डिकी उघडली, धोपाटणे हातात घेऊन तोलून पाहिले. “भाईजान, ये लकड़ी अलग से बेचोगे?”

मग आम्ही तिघांनी ठरवले, की इतःपर मोटारीविषयी फक्त चांगलेच बोलायचे. दाऊदभाईंनी दुसऱ्याच दिवशी दुकानात आलेल्या मंडळींना सांगितले, “गाडी? गाडी एकदम छान आहे आमची!” सायंकाळपर्यंत मला चार फोन आले. दाऊदभाईंची तब्येत बरी नाही का?

* * *

चौथा गिऱ्हाईक खरा होता. लखनौकडचा, सभ्य, किल्ली हातात घेतलेला. त्याला कोणीतरी सांगितले होते, की या मंडळींत खोटे न बोलणारा एकच मनुष्य आहे. तो माझ्याकडे आला.

“चचा, आप बताइए. रास्ते में बंद होती है?”

मी आयुष्यात एकच गोष्ट कमावली आहे, असे मला वाटते. मी म्हणालो, “होती है. लेकिन लकड़ी साथ हो तो आज तक किसी को रास्ते में छोड़ा नहीं.”

पहिल्या दोन शब्दांनंतर त्याने किल्ली टेबलावर ठेवली होती. उरलेले त्याने उभ्यानेच ऐकले.

तो गेल्यावर दाऊदभाई म्हणाले, “मास्तर, दुसरं वाक्य आधी बोलायचं होतं हो!”

सोनवणे हसले. मीही हसलो. दाऊदभाई हसले नाहीत. ते म्हणाले, “तुमचं खरं तुमच्यापाशी राहिलं, मास्तर. माझी नाजनीन काल फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? ‘अब्बा, तुमची गाडी खपेपर्यंत मी मेंदी थांबवू का?’”

त्या दिवशी मी पुस्तक उघडले नाही.

* * *

निकाहाला बारा दिवस उरले आणि अबू फहद आले. एकटे, पुतण्याच्या मोटारीतून उतरून. त्यांना कोणी कळवले, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. ते दुकानात आले, बसले, आणि म्हणाले, “ऐकतो की तू ती विकतोस. मी घेतो.”

दाऊदभाईंना आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली. मित्राच्या गळ्यात कसे अडकवायचे? ते उठून उभे राहिले.

“अबू फहद, तुला सगळं ठाऊक आहे. टाकीचा पंप अडतो. एसी अडतो. काचा…”

“ठाऊक आहे.”

“दर शंभर किलोमीटरला मला हिच्याखाली झोपावं लागतं! एकोणीस वर्षं हिने माझं रक्त आटवलं. तुझ्या चटईवर बसून किती वेळा सांगितलंय मी!”

“सांगितलंस. प्रत्येक वेळी सांगितलंस,” अबू फहद शांतपणे म्हणाले. “जुबैलहून माझ्या चटईपर्यंत चारशे किलोमीटर. सांगून झालं की परत चारशे. या दाऊद, मला एकच सांग. हे सगळं सांगायला तू दर वेळी कशात बसून येत होतास?”

 सोनवण्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बाहेर उभ्या असलेल्या त्या धुळकट सोनेरी मोटारीकडे पाहिले. पुस्तकातील तीनशे पाने वाचूनही मला ही गोष्ट सुचली नव्हती.

दाऊदभाईंनी किल्ली दिली. मग आत जाऊन धोपाटणे आणले आणि दोन्ही हातांनी दिले.

मोबाईलवर चार बटणे दाबली आणि मोटार अबू फहदांच्या नावावर झाली. दहाव्या दिवशी सकाळी परतीची परवानगी आली. विमान त्याच दुपारचे. निकाह परवा.

* * *

दम्मामच्या विमानतळावर आपणच सोडणार, असा अबू फहदांचा हट्ट. आणि तेही त्याच मोटारीतून. सोनवण्यांना सुट्टी नव्हती. मी निघालो आणि सवयीप्रमाणे मागचे दार उघडले. दाऊदभाईंनी मला थांबवले.

“आज तुम्ही पुढे बसा, मास्तर. मी पुढे बसलो तर माझा पाय सारखा ब्रेक शोधील.”

अशा रीतीने मी त्या मोटारीत प्रथमच पुढे बसलो, आणि दाऊदभाई एकोणीस वर्षांत प्रथमच मागे. त्यांनी सीटवर हात फिरवला. किंचित उडी मारून पाहिले.  जुबैलचे शेवटचे सिग्नल मागे पडेपर्यंत ते ताठ बसून, कान टवकारून इंजिन ऐकत होते. नंतर आवाज आला तो घोरण्याचा!

अर्धा रस्ता संपला असेल. इंजिनाने दोन आचके दिले आणि मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. बाजूने ट्रक धडधडत जात होते. मी घड्याळ पाहिले. मग मागे पाहिले. दाऊदभाईंची मान सीटवर कलली होती. तोंड किंचित उघडे. गेल्या पाच आठवड्यांत मी त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता.

अबू फहदांनी ओठांवर बोट ठेवले. दार हळूच उघडून ते उतरले, डिकीतून धोपाटणे काढले, आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या पायघोळ थोबसह त्या धुळीत उताणे पडून मोटारीखाली शिरले.

एक. दोन. तीन. बरोबर दाऊदभाईंच्या खाली.

दाऊदभाईंनी कूस बदलली.

इंजिन सुरू झाले.

विमानतळासमोर मोटार थांबली तेव्हा वेळ पुरेसा होता. दाऊदभाई जागे झाले, डोळे चोळीत उतरले, आणि काचेपलीकडील दम्मामची पाटी त्यांनी दोनदा वाचली.

“पोचलो?” ते म्हणाले. “एका दमात?”

त्यांनी मोटारीच्या टपावर तळहात ठेवला. ऊन असूनही तो काढला नाही.

“बघितलंत, मास्तर? एकदाही बंद पडली नाही! उगीच विकली मी हिला. उगीच लोकांत बदनाम केली.” मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “तुम्ही खोटं बोलत नाही. सांगा. पडली का बंद?”

अबू फहदांना मराठी येत नाही. परंतु ते सावकाश वळले आणि धुळीने माखलेली आपली पाठ त्यांनी भिंतीला टेकवली.

मी म्हणालो, “नाही, दाऊदभाई.”